लंबू की टिल्लू

ऑक्टोबरचा पहिला रविवार होता. सिडनीत त्या दिवशी घड्याळं तासभर पुढे जातात आणि क्वीन्सलँडमध्ये जात नाहीत, हे मला दर वर्षी संध्याकाळी सात वाजून गेल्यावर आठवतं, कारण सातला सारंगचा फोन येत नाही. याही वेळी मी फोन मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलो. सव्वासात झाले, साडेसात झाले, त्याला मनातल्या मनात दोन शिव्या घालून झाल्या आणि मग डोक्यात प्रकाश पडला, की त्याचे सात म्हणजे आता माझे आठ. बरोबर आठला फोन वाजला. स्क्रीनवर त्याचं नाव. आमच्यात हॅलो म्हणायची पद्धत नव्हती, त्यामुळे त्याने विचारायच्या आधीच मी म्हणालो, "लंबू. या वेळी जास्त विचार करू नकोस." पलीकडून एक जाड, दबलेला आवाज म्हणाला, "मेट, इट्स ग्लेन." सारंग दुपारी तीनच्या सुमाराला मागच्या अंगणात गवत कापता कापता खाली बसला होता आणि पुन्हा उठला नव्हता. वय एक्केचाळीस. त्याची बायको अदिती हिने त्याचा फोन ग्लेनच्या हातात दिला होता आणि सांगितलं होतं, की सातला मंदारला कर, तो वाट बघत असेल.

लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात आलेला पहिला विचार सारंगबद्दल नव्हता. पहिला विचार असा आला, की हा ग्लेन, त्याचा तिकडचा दोस्त, तिथे कसा? रडू नंतर आलं, आणि पुष्कळ आलं. पण ते दुसरं आलं. सारंगबद्दल लिहायचं तर माझ्या असूयेबद्दल लिहिल्याशिवाय सोय नाही. आमची मैत्री सतरा वर्षांची होती आणि त्यातला एकही दिवस मी त्याच्यावर जळलो नाही असं झालं नाही. माझ्या बायकोला हे ठाऊक आहे. बहुतेक त्यालाही ठाऊक होतं.

आम्ही भेटलो ते सिडनीतल्या टूनगॅबीच्या एका भाड्याच्या घरात. मी नागपूरचा, तो सोलापूरचा, दोघंही मास्टर्स करायला आलेले, आणि तिसरा होता टायलर नावाचा अमेरिकन मुलगा, एका वर्षासाठी आलेला. फुटबॉलचं हे वेड त्याने लावलं. अमेरिकन फुटबॉल, ज्यात पाय कमी आणि हात जास्त लागतात. त्यातला कागदी खेळ असा, की दहा मित्रांनी मिळून खरे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे, आणि शनिवार-रविवारी तिकडे खऱ्या सामन्यात तुमचा खेळाडू जसा खेळेल तसे तुमच्या संघाला इकडे गुण. पहिल्या वर्षी कोणी आधी निवडायचं याच्या चिठ्ठ्या टाकायला स्वच्छ भांडं सापडेना, म्हणून मी नागपूरहून आणलेल्या तीन लिटरच्या कुकरमध्ये टाकल्या. सारंगची चिठ्ठी पहिली निघाली. माझी दहावी. तिथून जे सुरू झालं ते तसंच राहिलं. त्या वर्षी तो जिंकला आणि टायलरने माझाच कुकर त्याला करंडक म्हणून दिला, आणि पुढे दर वर्षी जिंकणाऱ्याच्या घरी कुकर पाठवायचा असा नियमच पडून गेला. कुकर माझा, आईने घेऊन दिलेला, आणि तो मला एकदाही मिळेना.

या खेळात काही खेळाडू असतात ज्यांचं काम मैदानाच्या कडेने सुसाट पळत जायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. त्यांना वाइड रिसीव्हर म्हणतात. आम्ही झेल्या म्हणायचो. सारंगकडे गेली काही वर्षं दोन उत्तम झेले होते. एक साडेसहा फुटी, त्याचं नाव आम्ही लंबू ठेवलं. दुसरा बुटका पण पाऱ्यासारखा, तो टिल्लू. पंचाईत अशी, की संघात जागा एकाच्याच पुरती उरायची. दुसऱ्याला बाकावर बसवायचं, आणि बाकावरचा कितीही भारी खेळला तरी त्याचे गुण वाया. सामने आमच्या सोमवारी पहाटे सुरू होतात, त्यामुळे निर्णय रविवारी संध्याकाळीच करून झोपावं लागतं. म्हणून दर रविवारी सातला त्याचा फोन. "बोल मंद्या, लंबू की टिल्लू?" मी एक नाव सांगायचं. तो म्हणायचा, "ठरलं." मग अर्धा-पाऊण तास इतर गप्पा. त्या आठवड्यात आमचेच संघ एकमेकांविरुद्ध असले तरी तो विचारायचा, आणि मी खरं तेच सांगायचं, असा धर्म आम्ही पाळत होतो.

आता माझी बाजू सांगतो. माझ्याकडे धड एक झेल्या नव्हता. जो होता त्याचा घोटा दर ऑक्टोबरला मुरगळायचा. आणि हा माणूस दर आठवड्याला फोन करून मला विचारणार, की माझ्याकडे दोन आहेत, कुठला वापरू? ज्याच्या ताटात भाकरी नाही त्याला तूप गाईचं घेऊ की म्हशीचं, असं विचारण्यातला हा प्रकार. त्याच्या मनात तसं काही नसायचं. तेच जास्त झोंबायचं.

आयुष्यातही त्याचं असंच. शिक्षण संपल्यावर मी एका कॉल सेंटरच्या शिफ्टला जात होतो तेव्हा त्याला दोन नोकऱ्या चालून आल्या. एक मेलबर्नमधली, मोठ्या कंपनीतली. दुसरी क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाला, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात. तेव्हाही त्याने मलाच विचारलं. आम्ही स्वयंपाकघरात मॅगी खात उभे होतो. मी म्हणालो, टूवूंबा. बिनधास्त जा, लहान गावात पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, लवकर मिळतो. हे खरंही होतं, पण मी ते त्याच्या भल्यासाठी म्हणालो नव्हतो. त्याने मेलबर्नला जाऊन साहेब व्हावं हे मला बघवलं नसतं. डोंगरावरच्या त्या गावात बस धड मिळत नाही, आपलं माणूस महिनोन्‌महिने दिसत नाही, जाईल आणि कंटाळेल, असा माझा हिशोब. तो गेला, आणि दोन वर्षांत पीआर झाला. मला आठ लागली. त्याने तिथे पाऊण एकर जागेत घर घेतलं, लिंबं लावली, आंब्याचं कलम जगवायची खटपट केली, आणि येईल त्याला सांगत सुटला, की मंद्याने सांगितलं म्हणून आलो, याचा सल्ला कधी चुकत नाही. मी सिडनीतच, स्कोफिल्ड्सच्या नव्या वसाहतीत राहतो. माझ्या खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजाऱ्याच्या भिंतीला लागतो.

ग्लेन हा त्याच्या कारखान्यातल्या वर्कशॉपचा मुकादम. आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, तांबडा, दणकट. आमच्यातला एक जण पर्थला गेला आणि खेळातून बाहेर पडला, तेव्हा सारंगने ग्लेनला आत आणलं. झालं, मग बोलण्यात ग्लेन यायला लागला. ग्लेनने ट्रेलर दिला, ग्लेनबरोबर मासे धरायला गेलो, ग्लेनच्या बायकोला आपली भाकरवडी आवडते. ग्लेनला लंबू आणि टिल्लू ही नावंसुद्धा त्याने शिकवली. ती नावं माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर पडलेली होती. मी एकदा म्हणालो, "मग त्यालाच विचार ना कोणाला खेळवू ते." तो हसला आणि म्हणाला, "त्याला खेळातलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं रे. पण विचारायचं तुलाच." मी तेवढं पहिलंच वाक्य लक्षात ठेवलं.

मग साथ आली. राज्यांच्या सीमा बंद झाल्या, उघडल्या, पुन्हा बंद झाल्या. आमची प्रत्यक्ष भेट त्याच्या आधीच्या दिवाळीत झाली ती शेवटची. पहिल्या वर्षी अमेरिकेत रिकाम्या स्टेडियममध्ये सामने होत होते आणि मी घरातल्या घरात, डायनिंग टेबलावर, सोमवारची मीटिंग म्यूट करून ते आकडे बघत होतो. त्या डिसेंबरात आम्ही दोघं उपांत्य फेरीत समोरासमोर आलो. सीमा तेव्हा उघडी होती आणि सारंग सगळ्यांना घेऊन ख्रिसमसला सिडनीला यायचा होता. त्याच आठवड्यात सिडनीत पुन्हा रुग्ण निघाले आणि क्वीन्सलँडने दार लावून घेतलं. रविवारी सातला, म्हणजे माझ्या आठला, त्याचा फोन आला तेव्हा तो त्याच गडबडीत होता. बुकिंगं रद्द करायची होती, मुलगी रडत होती. त्याने बातम्या वाचल्या नसणार हे मी ओळखलं. मी वाचल्या होत्या. टिल्लूची मांडी दुखावली होती, सरावात तो दोन दिवस उतरला नव्हता, खेळला तरी नावापुरता खेळणार होता.

"लंबू की टिल्लू?"

"टिल्लू," मी म्हणालो. "डोळे मिटून टिल्लू."

एक क्षणभर तो थांबला. मग म्हणाला, "ठरलं."

टिल्लू सकाळी दोनदा पळाला, मांडी धरून खाली बसला आणि संपला. बाकावर बसलेल्या लंबूने त्या दिवशी वर्षातला सगळ्यात मोठा खेळ केला. मी उपांत्य फेरी जिंकलो, पुढच्या आठवड्यात अंतिमही जिंकलो. सारंगचा फोन आला, "अभिनंदन रे साल्या. तुझा कुकर तुला पाठवतो." तो हाताने घेऊन येणार होता, आता पोस्टाने आला. खोका उघडला तर आत कुकर, झाकण, घरच्या लिंबांचं लोणचं, पण शिट्टी नाही. फोन करून विचारलं, तर म्हणाला, शिट्टी माझ्याकडे राहू दे, पुढच्या वर्षी कुकर परत यायचाच आहे. सोळा वर्षांनी माझा कुकर माझ्या ओट्यावर आला आणि तो शिजवायच्या कामाचा नव्हता. खरं म्हणजे असता तरी मी त्यात भात लावू शकलो नसतो. दर रविवारी वाटायचं की आज सांगून टाकू. दर रविवारी त्याचा आवाज इतका साधा असायचा की जीभ रेटायची नाही.

या वर्षी जूनच्या शेवटी आम्ही पश्चिम सिडनीवाले पुन्हा घरात कोंडलो गेलो. पाच किलोमीटरच्या आत राहायचं, बाहेर पडलं की मास्क, वर हेलिकॉप्टरची घरघर. आणि सारंग मला व्हिडिओवरून टूवूंबातले फुलांचे ताटवे दाखवायचा, मागे मुलं मोकळ्या तोंडाने पळताहेत, ग्लेन शेगडीवर काहीतरी परततोय. तू बघ तरी, म्हणायचा. मी बघायचो आणि पोटात दुखायचं. सप्टेंबरात नवा हंगाम सुरू झाला. तीन रविवार त्याने विचारलं, तीनही रविवार मी आधी दोन-दोन तास वाचून, अगदी शपथेवर सांगावं तसं खरं सांगितलं. मनात होतं, की असं वर्षभर सांगितलं तर फिटेल. चौथ्या रविवारी ग्लेनचा आवाज आला.

अंत्यसंस्कार मी लॅपटॉपवर पाहिला. सीमा बंद, अर्ज करून उपयोग नव्हता. कॅमेरा मागच्या भिंतीवर होता, त्यामुळे मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. गुरुजी ब्रिस्बेनहून आले होते. अदिती पुढच्या रांगेत ताठ बसली होती, मुलगी तिच्या कुशीत. खांदा द्यायला उजवीकडून पहिला ग्लेन होता. नंतर तो बोलायला उभा राहिला, अंगावर घट्ट झालेला कोट, आणि म्हणाला, ही वॉज माय बेस्ट मेट. मी टेबलाशी बसून ते ऐकलं. माझ्या हातात काहीच नव्हतं, मी म्यूटवर होतो.

दोन आठवड्यांनी ग्लेनचा फोन आला, या वेळी त्याच्या स्वतःच्या फोनवरून. सारंगच्या संघाचं काय करायचं, असा प्रश्न होता. बाकीच्यांचं म्हणणं होतं की हंगाम संपेपर्यंत तो चालू ठेवावा, आणि अदितीने सांगितलं होतं की ग्लेन आणि मंदारने मिळून तो बघावा. मी बरं म्हणालो. मग काय झालं कोण जाणे, मी त्या परक्या माणसाला गेल्या डिसेंबरची गोष्ट सांगून टाकली. सारंगला सांगायची होती ती त्याला सांगितली.

ग्लेन म्हणाला, "यू रेकन ही डिड्न्ट नो?"

सारंगला माहीत होतं. त्या रविवारी दुपारीच ग्लेनने त्याला टिल्लूच्या मांडीचं सांगितलं होतं. संध्याकाळी फोन झाल्यावर सारंगने संघात टिल्लूला घातलं तेव्हा ग्लेन तिथेच होता. त्यांच्या रद्द झालेल्या सहलीचं सामान गाडीतून उतरवायला आला होता. त्याने विचारलं, वेडा झालास का, तुझा तो सिडनीचा दोस्त तुला सरळ फसवतोय. सारंग म्हणाला, माहीत आहे. मग का घातलंस, ग्लेनने विचारलं. त्यावर सारंग जे म्हणाला ते ग्लेनने मला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं नाही. तो म्हणाला होता, "आज त्याचं ऐकलं नाही, तर पुढच्या रविवारी मला त्याला विचारता येणार नाही."

ग्लेनने नाक ओढलं. मग म्हणाला, त्या दिवशी मला तुझा भयंकर राग आला होता, मेट. खोटं बोललास म्हणून नाही. मी त्याच्यासमोर उभा राहून खरं सांगत होतो आणि तू तिकडे हजार किलोमीटरवर बसून खोटं... आणि त्याने ऐकलं तुझं. आय वॉज ब्लडी जेलस. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. सतरा वर्षं मी ज्या बाकावर बसलोय असं समजत होतो, त्यावर दुसराच माणूस बसला होता. सारंगकडे नेहमीसारखे दोन होते, आणि जागा एकाची होती, आणि त्या रविवारी धडधाकट माणसाला बाकावर ठेवून त्याने दुखावलेल्याला खेळवलं होतं. मला त्याचा राग आला, हेही सांगून टाकतो. माफ करायचं होतं तर मला कळू द्यायचं. एकट्यानेच माफ करून मोकळा झाला, आणि तिथेही माझ्या पुढे गेला.

गेल्या आठवड्यात अदितीचं पाकीट आलं. आत रुमालात गुंडाळलेली शिट्टी. सोबत दोन ओळी: भाऊजी, ही त्याच्या टेबलाच्या खणात होती. कुकर परत पाठवू नका, सीमा उघडली की सगळे या, इथे नवा घेतलाय. मी शिट्टी कुकरवर बसवून पाहिली. बसली. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यात वरणभात लावला. माझा मुलगा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "डॅड, वाय इज द ट्रॉफी मेकिंग नॉइज?" मी म्हटलं, तिचं कामच ते आहे.

काल रविवार होता. वेळापत्रकाप्रमाणे या आठवड्यात माझा संघ सारंगच्या संघाविरुद्ध. हरलो तर मी बाद, असा हिशोब होता. दुपारभर मी वाचत बसलो होतो. बरोबर आठला फोन वाजला. ग्लेननेही हॅलो म्हटलं नाही. "लंबू ऑर टिल्लू, मेट?" नावांचे उच्चार वाकडेतिकडे, पण नावं तीच. टिल्लू या वेळी तंदुरुस्त होता, पण तिकडच्या खऱ्या सामन्यात समोरचा संघ असा होता की लंबूच चालणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. लंबू, मी म्हणालो. ग्लेन थांबला. सारंग थांबला होता तेवढाच, अगदी तेवढाच... आणि मला तेव्हा कळलं की त्या थांबण्यात काय होतं. "शुअर?" त्याने विचारलं. "लंबू," मी म्हणालो. "ठरलं," ग्लेन म्हणाला. हा शब्दही त्याला कोणी शिकवला असेल ते मी विचारलं नाही. नंतर आम्ही पाऊण तास बोललो. त्याने सारंगच्या अंगणातलं गवत कापलं होतं. कलमाला मोहर आलाय म्हणाला.

आज सकाळी चहा घेता घेता फोन उघडला. लंबूने तीन वेळा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टाकला होता. मी हरलो, आणि बऱ्याच फरकाने हरलो. पडद्यावर वर सारंगचं नाव, खाली माझं. ओट्यावर कुकर उपडा घातलेला, शेजारी शिट्टी वाळत होती. मी बराच वेळ ती दोन नावं बघत उभा राहिलो, आणि नेहमीसारखाच त्याच्यावर जळलो.